टर्की चिली, सावजी रस्सा आणि मिरचीवरचा आळ

गेल्या महिन्यात ओपीडीत एक काका-काकू आले. सहा महिने अमेरिकेत मुलाकडे राहून नुकतेच नागपूरला परतले होते. काकांना बीपी आणि शुगर, दोन्ही जुनं. रिपोर्ट पाहून मी जरा चकित झालो, कारण वजन तीन किलोने कमी आणि शुगर बऱ्यापैकी ताब्यात. मी कारण विचारलं तर काकू म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, सून दर आठवड्याला टर्की चिली करायची. टर्कीचा खिमा, राजमा, टमाटर आणि भरपूर तिखट. यांना इतकी आवडली की विचारू नका. आता इथं घरी केली तर चालेल का? तुम्ही तर यांचं सावजी बंद केलं आहे. तेही तिखट, हेही तिखट. मग ते वाईट अन् हे चांगलं कसं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी त्यांना पाच मिनिटांत उत्तर दिलं, पण ते पुरेसं नव्हतं. म्हणून हा लेख. या दोन पदार्थांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. आपण ज्या मिरचीवर सगळा आळ घेतो, ती बरेचदा निर्दोष असते. आणि तिच्यावर आळ घेण्याच्या नादात खरा दोषी हातातून सुटतो. कधी कधी त्याची किंमत फार मोठी असते.

मिरची आली कुठून?

सावजी रस्सा म्हणजे आपला, अस्सल नागपुरी. त्यात वाद नाही. पण त्यातली मिरची मूळची आपली नाही. ती मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या भागातली. तिथले लोक हजारो वर्षांपासून ती पिकवत होते. 'चिली' हा शब्दही तिथल्या नाहुआट्ल भाषेतला. कोलंबसाच्या सफरींनंतर मिरची स्पेन-पोर्तुगालला पोहोचली. वास्को-द-गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, आणि त्यांच्या जहाजांतून ही मिरची आपल्या किनाऱ्यावर आली.

त्याआधी आपल्याकडे तिखटपणा होता तो मिरी, पिंपळी आणि सुंठ यांचा. 'मिरची' या नावातच 'मिरी' लपलेली आहे, बघा. नवी आलेली वस्तू जुन्या ओळखीच्या नावाने हाक मारली की लवकर घरची होते. मिरी महाग आणि ठरावीक भागातच पिकणारी. मिरची मात्र कुठेही, परसातसुद्धा येते. त्यामुळे गरिबाच्या भाकरीवरही तिखट आलं. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात महाराष्ट्रात लाल तिखटाचा ठेचा नव्हता. आज हे खरं वाटत नाही, इतकी ती आपली झाली आहे. आपल्या जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

आता टर्कीचं पाहू. हा पक्षीसुद्धा मेक्सिकोचाच आणि तोही गोव्याच्याच वाटेने आपल्याकडे आला. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून काही दुर्मिळ प्राणी-पक्षी घेऊन दरबारात आला. त्यात एक टर्की होता. बादशहाला त्याचं इतकं नवल वाटलं की त्याने आपल्या आठवणींत त्याचं वर्णन लिहून ठेवलं. त्याचं डोकं आणि गळा कसे रंग बदलतात, हे त्यात आहे. दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याने त्याचं चित्रही काढलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

गंमत म्हणजे हा पक्षी नेमका कुठला, याचा गोंधळ सगळ्या जगात झाला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवला, तुर्की लोक त्याला 'हिंदी' म्हणतात, आणि पोर्तुगीज 'पेरू'! खरा गाव कोणाच्याच नावात नाही. न केलेल्या गोष्टीचं श्रेय किंवा दोष भलत्याच्या माथी मारण्याची सवय माणसाला जुनीच आहे. पुढे मिरचीच्या बाबतीतही तेच दिसेल.

टेक्सासचा रस्सा

काकूंच्या सुनेने केलेली 'चिली' म्हणजे मूळचा मेक्सिकोला लागून असलेल्या टेक्सासचा मांसाचा दाट, तिखट रस्सा. सॅन अँटोनियो शहराच्या चौकांत १८८० च्या सुमारास मेक्सिकन वंशाच्या बायका संध्याकाळी मोठी भांडी घेऊन बसायच्या आणि हा रस्सा वाढायच्या. लोक त्यांना 'चिली क्वीन्स' म्हणत. गाडीवाले, सैनिक, प्रवासी सगळे तिथे जेवत. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या चिलीचा स्टॉल लागला आणि हा पदार्थ देशभर गेला.

या रश्श्यात मिरची, टमाटर आणि राजमा हे तिकडचे. पण त्याला जो खास वास येतो तो जिऱ्याचा, आणि जिरं मूळचं आपल्या बाजूच्या जगातलं. ते स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलं. म्हणजे त्यांची मिरची आपल्याकडे आली आणि आपल्याकडचं जिरं त्यांच्याकडे गेलं. सावजी रस्सा आणि टेक्सासची चिली यांना म्हणूनच मी मावसभाऊ म्हणतो.

१९३७ मध्ये शहराच्या आरोग्य नियमांवर बोट ठेवून या चिली क्वीन्सना चौकातून उठवण्यात आलं. उघड्यावर जेवण आणि भांडी धुण्याची धड सोय नाही, ही तक्रार होती. म्हणजे तिथेही त्रास तिखटाचा नव्हता, पाण्याचा आणि स्वच्छतेचा होता.

मग यात टर्की कधी शिरला? मूळ चिली गोमांसाची. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हृदयविकाराने फार माणसं जाऊ लागली. मांसातल्या चरबीवर संशोधन सुरू झालं. १९७७ मध्ये सिनेटर मॅकगव्हर्न यांच्या समितीने लोकांना चरबी, साखर आणि मीठ कमी करायला सांगितलं, आणि लाल मांसापेक्षा कोंबडीवर्गीय पक्षी आणि मासे जास्त खा असं सुचवलं. पुढे घराघरांत गोमांसाच्या खिम्याऐवजी कमी चरबीचा टर्की खिमा येऊ लागला. लक्षात घ्या, त्यांनी मिरची काढली नाही. चरबी काढली. काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आणि नागपूरचा रस्सा

आता आपल्या गावात या. गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं. पुढे रघुजी भोसल्यांनी इथे राजधानी आणली आणि शहर वाढलं. राजधानी म्हटली की कापड लागतं, आणि कापड म्हटलं की विणकर. हलबा कोष्टी समाज हा नागपूरच्या विणकरांचा मोठा भाग. 'सावजी' जेवण म्हणून जे ओळखलं जातं, ते मुळात या कोष्टी घरांतलं रांधणं.

१ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. हातमागाबरोबर गिरणीची नोकरी आली. दिवसभर मागावर किंवा यंत्रापुढे काम करायचं. पाय, हात, पाठ, सगळं शरीर झिजायचं. अशा माणसाला मटण रोज परवडत नसे. आठवड्यातून एखादा दिवस किंवा सणवार. आणि जे थोडं मटण आणलं ते मोठ्या घरात पुरवायचं, म्हणून रस्सा जास्त, तुकडे कमी. वाटणात खसखस, सुकं खोबरं, धने, जिरं, मिरी, लवंग, दगडफूल, आणि रस्सा दाट करायला ज्वारीचं पीठ. तेल जवसाचं, कारण विदर्भात जवस पिकतं. सोबत भाकरी.

पुढे हातमाग मागे पडले, गिरण्या बंद झाल्या. अनेक घरांनी पोटापाण्यासाठी घरातच खानावळ सुरू केली. बऱ्याच ठिकाणी घरातल्या बायकांच्या हातालाच ही चव होती, त्यांनीच ती शहराला दिली. आज गोळीबार चौकापासून रिंग रोडपर्यंत सावजीच्या पाट्या दिसतात.

पण या प्रवासात तीन गोष्टी बदलल्या. आठवड्याचा एक दिवस होता तो दोन-तीन झाला. मागावर राबणारं शरीर होतं तिथे आता खुर्चीवर बसणारं शरीर आलं. आणि रश्श्यावर तर्री वाढली. तर्री म्हणजे काय? तर तेल. दोन मोठे चमचे तेल म्हणजे सुमारे २५० कॅलरी, म्हणजे जवळजवळ तीन पोळ्या. त्यात मीठ, आणि अनेकांच्या बाबतीत सोबत दारू. मिरची मात्र तेव्हाही होती आणि आताही आहे.

डॉक्टरांनीही मिरचीलाच पकडलं होतं

हा आळ फक्त सामान्य माणसानेच घेतला असं नाही. आम्ही डॉक्टर त्यात पुढे होतो.

विसाव्या शतकात बराच काळ पोटातल्या अल्सरचं कारण म्हणजे तिखट खाणं आणि टेन्शन, असंच वैद्यकशास्त्र मानत असे. १९१५ मध्ये शिकागोच्या डॉ. सिप्पी यांनी अल्सरसाठी दर तासाला दूध आणि साय, असा आहार सांगितला. तो कित्येक दशकं चालला. अल्सर बरा होईना, उलट रोज इतकी साय पोटात जायची. मी शिकत होतो तेव्हाही, १९९० च्या आसपास, वॉर्डात अल्सरच्या पेशंटला पहिला सल्ला 'तिखट बंद' हाच असायचा.

त्याआधीच ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी वेगळंच काही शोधलं होतं. अल्सरच्या पेशंटच्या जठरात त्यांना एक वळणदार जंतू दिसत होता, पण तो प्रयोगशाळेत वाढेना. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे त्यांच्या नमुन्याच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, आणि जंतू वाढला! लोकांचा विश्वास बसेना म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन टाकला आणि स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज आपल्याला माहीत आहे की बहुतेक अल्सर या जंतूमुळे किंवा दुखण्याच्या गोळ्या वारंवार घेतल्याने होतात. मिरचीमुळे नाही.

मग तिखट खाल्ल्यावर जळजळ का होते? मिरचीत कॅप्सेसिन नावाचं द्रव्य असतं. आपल्या नसांच्या टोकाला उष्णता ओळखणारं एक 'दार' असतं, जे साधारण ४३ अंश सेल्सिअसला उघडतं. कॅप्सेसिन तेच दार उघडतं, आणि मेंदूला वाटतं की भाजलं. प्रत्यक्षात काही भाजलेलं नसतं. हे दार डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधलं, त्यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिखट लागलं की पाणी पिऊन उपयोग होत नाही. दूध, दही, ताक घ्या.

याचा अर्थ मिरची सगळ्यांना चालते असा नाही. ज्यांना आंबट पाणी वर येण्याचा त्रास आहे, मूळव्याध किंवा फिशर आहे, आतडी नाजूक आहेत, त्यांचा त्रास तिखटाने वाढतो. त्यांनी कमीच खावं. पण त्रास वाढवणं वेगळं आणि आजार निर्माण करणं वेगळं.

माझीच एक चूक

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी एकदा चुकलो. बरीच वर्षं झाली. रात्री अकराच्या सुमारास एका ओळखीच्या पेशंटचा फोन आला. वय पन्नाशीच्या आत, तंबाखूची सवय. "डॉक्टर, छातीत जळजळ होत आहे." मी पहिला प्रश्न विचारला, "आज काय खाल्लं?" उत्तर आलं, "सावजी." मी हसलो, म्हणालो, "मग होणारच न!" आणि अॅसिडिटीची गोळी सांगितली.

फोन ठेवणार तेवढ्यात मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "घामाने बनियन ओलं झालं आहे, तेही सांगा न." मी सावध झालो आणि ताबडतोब दवाखान्यात न्यायला सांगितलं. ईसीजीत हार्ट अटॅक निघाला. वेळेवर उपचार मिळाले, ते वाचले. आजही ते मला भेटतात. पण त्या माउलीने ते एक वाक्य बोललं नसतं तर? मी रश्श्याला दोष देऊन झोपायला गेलो असतो.

नागपुरात हे फार घडतं. जेवणात तिखट होतं, म्हणजे अॅसिडिटीच असणार, असं धरून लोक रात्र काढतात. म्हणून हे लक्षात ठेवा. छातीत दाब, आवळल्यासारखं किंवा जळजळ आणि त्यासोबत घाम, धाप, चक्कर, डावा हात, जबडा किंवा पाठीत कळ, यांपैकी काहीही असेल तर काय खाल्लं याचा विचार करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी होईल अशा ठिकाणी जा. मधुमेहींना आणि स्त्रियांना तर अनेकदा फक्त अस्वस्थपणा आणि घाम, एवढंच जाणवतं. तसंच काळी शौच, रक्ताची उलटी, गिळायला त्रास, कारण नसताना वजन कमी होणं, यांनाही 'तिखटाचा त्रास' म्हणून सोडू नका.

आता घरची चिली

काकूंना मी सांगितलेली पद्धत ही अशी. टर्की नागपुरात सहज मिळत नाही, कोंबडीच्या छातीचा खिमा उत्तम. चार माणसांसाठी:

- कातडी काढलेल्या चिकनचा खिमा अर्धा किलो
- राजमा १ वाटी (सुमारे १५० ग्रॅम)
- कांदे २, टमाटर ३, ढोबळी मिरची १
- लसणाच्या ८-१० पाकळ्या, आल्याचा तुकडा
- जिरेपूड २ चहाचे चमचे, धनेपूड १ चमचा
- भिवापुरी तिखट १ चमचा, रंगासाठी ब्याडगी १ चमचा
- तेल २ मोठे चमचे, मीठ १ सपाट चहाचा चमचा
- भाजलेलं ज्वारीचं पीठ २ चमचे

राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात कुकरमध्ये मऊ शिजवा. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. ते नीट उकळल्यानेच जातं. अर्धा कच्चा राजमा खाल्ला तर जोरात उलट्या-जुलाब होतात. परदेशातल्या मुलांनाही सांगा, भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका, आधी निदान अर्धा तास खळखळ उकळा.

तेलात कांदा, आलं-लसूण परता. खिमा घालून मोकळा होईपर्यंत परता. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, त्याचे शिंतोडे ओट्यावर जंतू पसरवतात, शिजवल्यानेच ते मरतात. मसाले, टमाटर, ढोबळी मिरची, राजमा आणि दोन वाट्या गरम पाणी घाला. मंद आचेवर २५-३० मिनिटं शिजू द्या. शेवटी ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून लावा, ही सावजीची युक्ती. रस्सा दाट होतो आणि जास्त तेल लागत नाही. वरून लिंबू, कोथिंबीर. सोबत एक ज्वारीची भाकरी आणि ताक.

एका माणसाच्या वाट्याला यात ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात, राजम्याचा भरपूर चोथा येतो, तेल दीड चहाचा चमचा आणि मीठ सव्वा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे हे चांगलंच बसतं. किडनीचा आजार असेल तर मात्र राजमा-टमाटर आणि प्रथिनांचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा. रात्री खाणार असाल तर झोपण्याआधी दोन-तीन तास जेवा.

मग सावजी बंद का?

काकांना मी सावजी बंद केलं होतं ते तर्रीसाठी आणि मिठासाठी. पण सांगताना मीही 'तिखट बंद' एवढंच म्हणालो होतो. चूक माझीच. आता त्यांच्या केसपेपरवर नीट लिहून दिलं आहे: 'तिखट चालेल. तर्री काढून. महिन्यातून एकदा. तंबाखू, दारू अजिबात नाही.'

काका ते वाचून खूश झाले. जाता जाता म्हणाले, "म्हणजे विणकर जेव्हा खात होते, तसं खायचं. कधीतरी, अन् काम करून."

यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. तर मंडळी, चिली करा, रस्साही करा. पण पुढच्या वेळी छातीत जळजळ झाली की मिरचीला दोष देण्याआधी एकदा घाम येतोय का, ते बघा. काळजी घ्या.